पारखून घेतलेला तंबू

आमच्या मामंजींनी विकत आणलेली वस्तू सरळ घरात कधी आली नाही. आधी ती अंगणात थांबायची, तिथं तिची परीक्षा व्हायची, आणि बहुतेक वेळा नापास होऊन ती आल्या वाटेनं दुकानात परत जायची. मामंजी म्हणजे माझे सासरे. भोरात त्यांना सगळे तात्या म्हणत. वर्षानुवर्षं मोजणी खात्यात नोकरी करून ते घरी बसले होते, आणि जमिनी मोजायच्या संपल्यावर उरलेली सगळी चिकित्सा त्यांनी घरावर सोडली होती. छत्री आणली की ती उघडून ते अंगणात पाटावर बसत आणि सासूबाईंना माडीवरून घागरी ओतायला लावत. नवं कुलूप आणलं की किल्ली ह्यांच्याकडे, म्हणजे आपल्या मुलाकडे, लपवायला देऊन स्वतः खिळ्यानं ते उघडायला बसत. एकदा असंच एक कुलूप त्यांनी कोठीच्या खोलीला लावलं. ते उत्तम निघालं. किल्ली कुठं ठेवली ते ह्यांना आठवेना, आणि त्या संध्याकाळी शेजारून बेसन आणून आम्ही पिठलं केलं. मामंजी जेवताना मोठ्या खुशीत होते.

"दुकानात प्रत्येक वस्तू दाखवायला आणलेल्या मुलीसारखी खाली मान घालून बसते," असं ते म्हणत. "ती खरी कशी आहे ते घरात आल्यावर कळतं." हे ते माझ्यादेखत म्हणत. माझ्यादेखत म्हणजे माझ्याकडे पाठ करून. त्या काळी सासरा सुनेशी बोलत नसे आणि सून सासऱ्याशी तर नाहीच नाही. मला काही सांगायचं असलं की मामंजी ते तुळशीवृंदावनाला सांगत. "आज आमटीत मीठ राहिलं," असं ते तुळशीला म्हणाले की मी स्वयंपाकघरात जीभ चावायची. दोन वर्षं मी त्या घरात अशी तुळशीमार्फत वावरले.

हे सगळं आता सांगितलं की लोक हसतात. हसायला काय जातं? ज्यांना त्या अंगणातून रोज पाणी भरायचं होतं, दळण आणायचं होतं, आणि परीक्षेला बसलेल्या वस्तूला वळसा घालून जायचं होतं, त्यांना हसू येत नसे. मला तर राग येई. खरा राग, दातओठ खाण्याचा. आणि तो कधी काढता आला नाही, कारण तुळशीला काय बोलणार?

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी दिवाळी झाली आणि भोरात उंदीर पडायला लागले. ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांना सांगायला हवं, की घरात उंदीर मरून पडला म्हणजे त्याच्या मागून प्लेग आलाच, आणि मग घराला कुलूप लावून गावाबाहेर माळावर जाऊन राहायचं. "बाहेर पडलात का?" असं कुणी विचारलं तर त्याचा तेव्हा एवढाच अर्थ असे. लोक कारवीच्या कुडाच्या झोपड्या बांधत, वर गवत शाकारत आणि प्लेग ओसरेपर्यंत तिथंच संसार करत. आमची जमीन होती मार्गासनीला, वेल्ह्याच्या वाटेवर. ती धोंडिबा कसायचा. त्यानं निरोप धाडला, की दोन दिवसांत झोपडी उभी करतो, तुम्ही या. इतकं सोपं होतं.

आणि मला सातवा महिना होता. माहेर शिरवळकडचं, तिथं आमच्या आधीच गाव उठलं होतं. त्यामुळे पहिलं बाळंतपण सासरीच, आणि तेही माळावर होणार, हे ठरल्यासारखं होतं. मला फक्त एवढंच हवं होतं की लवकर इथून निघावं. प्लेगच्या गावात माझं मूल जन्माला येऊ नये. दुसरं काही मागणं नव्हतं.

"गवत नको," मामंजी म्हणाले.

का नको, ते त्यांनी सांगितलं नाही. सासूबाईंनी विचारलं, ह्यांनी विचारलं, निरोप घेऊन आलेल्या गड्यानं विचारलं. उत्तर एकच, गवत नको. पुढं सासूबाईंकडून मला कळलं ते असं, की बाळंतिणीच्या बाजेखाली सव्वा महिना शेगडी पेटलेली असते, निखारे असतात, धुरी असते, आणि त्यावर गवताचं छप्पर त्यांच्या डोळ्यांसमोर सारखं जळत होतं. पण हे सांगायचं तर बाळंतपण हा शब्द उच्चारायला हवा, आणि तो सुनेच्या बाबतीत सासऱ्यानं तोंडातून काढायचा नसतो. सासूबाईंशी एकांतात बोलतानासुद्धा ते त्याला "ते काम" म्हणत. म्हणून चारचौघांत ते नुसतं "गवत नको" म्हणत राहिले, आणि आम्ही सगळे त्यांना हट्टी म्हातारा समजत राहिलो. मला तेव्हा एवढंच दिसत होतं की गल्लीतली घरं एकेक करून बंद होताहेत, मी पोटावर हात ठेवून खिडकीशी बसले आहे, आणि मामंजी तंबू शोधताहेत.

तंबूतलं आपल्याला कळतं अशी त्यांची ठाम समजूत होती. "तीस वर्षं मी कापडाखाली झोपलोय," ते म्हणत. ते खरंच होतं. मोजणीच्या कामाला ते डोंगरादऱ्यांत हिंडले होते आणि सरकारी तंबूत राहिले होते. पण तो तंबू ठोकायला खलाशी, म्हणजे खात्याचे गडी, असत, उतरवायला खलाशी असत आणि बैलावर लादायलाही खलाशीच असत. मामंजी आयत्या तंबूत शिरून आयते बाहेर येत, हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं.

पहिला तंबू आला नसरापूरच्या बाजारातून. एक तमाशाचा फड मोडला होता, त्याचा होता तो. आमच्या ऐपतीत बसणारा आणि ऐसपैस. सासूबाईंनी त्याचा वास घेतला आणि नाकाला पदर लावला.

"ज्या कापडाखाली चाळ वाजले, त्या कापडाखाली मी देव मांडू?"

"कापडाला कान नसतात," मामंजी म्हणाले.

त्यांची हरकत वेगळीच होती. भर दुपारी ते त्या तंबूत आत जाऊन बसले. जिथं जिथं भोक तिथून उन्हाची काडी आत येई. मामंजी प्रत्येक भोकाभोवती गेरूनं वर्तुळ काढत चालले. संध्याकाळपर्यंत त्या तंबूला देवी आल्यासारखं दिसायला लागलं. मग अर्थातच तो नापास झाला. परत द्यायला गेले, तर मालक म्हणाला, हा गेरू कुणी लावला? पुढचे दोन दिवस मामंजी नीरेच्या घाटावर तंबू धूत होते. त्याच दोन दिवसांत आमच्या समोरचं घर आणि त्याच्या शेजारचं घर अशी दोन्ही बंद झाली.

दुसरी एक राहुटी होती. कुणा बड्या अधिकाऱ्याच्या विधवेनं अडगळीतून काढली होती, कापड अगदी घट्ट, नव्यासारखं. मला वाटलं, सुटलो. पण त्यात आपलं कुटुंब मावतं की नाही हे पाहायचं होतं. मामंजींनी अंगणात चुन्याची फक्की मारून राहुटीची हद्द आखली, तिच्या आत आणखी रेघा ओढल्या, आणि कोळशानं एकेक नाव लिहिलं. इथं देव, इथं पाणी, इथं पाटा. मग आम्हाला निजायला सांगितलं. भर सकाळी, उघड्या अंगणात. सासूबाई देवाचं नाव घेत आपल्या चौकोनात आडव्या झाल्या. हेही झाले. माझ्या चौकोनात मी निजणं शक्यच नव्हतं, मामंजी समोर उभे. म्हणून माझ्या जागी त्यांनी भाताचं पोतं आडवं ठेवलं. जरा लांब जाऊन पाहिलं, परत आले, आणि पोत्याच्या मधोमध एक लोड चढवला. मी दाराआडून ते पाहत होते. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही.

पोत्याच्या शेजारी एक लहानसा चौकोन रिकामा होता, एक हात रुंद, दीड हात लांब. त्यात नाव नव्हतं.

"हे काय?" सासूबाईंनी निजल्या निजल्या विचारलं.

मामंजी घुटमळले. "ते जादा क्षेत्र," ते म्हणाले.

त्या जादा क्षेत्रापायी ती राहुटी गेली. ते धरलं तर पाण्याच्या हंड्याला जागा उरत नव्हती. मी त्या दिवशी जेवले नाही. सासूबाई सहसा नवऱ्याला उलटून बोलत नसत, पण त्या रात्री वाढताना त्यांनी पळी आपटली आणि म्हणाल्या, "तुमचा तंबू पास होईपर्यंत घरातली माणसं नापास व्हायची." मामंजींनी मान खाली घालून भात कालवला. दुसऱ्या दिवशी पहाटेची मोटार धरून ते पुण्याला गेले.

तिसरा तंबू पुण्याच्या जुन्या बाजारातला. मोठ्या लढाईतून उरलेला, लष्करी, जाडजूड, दोन खांबांचा, मधे कनात सोडली की दोन खोल्या होणारा. मागची खोली त्यांनी पाहिली आणि मला वाटतं तिथंच तो त्यांच्या मनात भरला. पण भरला म्हणून सोडतील तर ते मामंजी कसले? ह्या कापडाची वीण सैल आहे, पाणी झिरपेल, असं त्यांनी ठरवलं. त्यावर उपायही त्यांनीच काढला. तांदळाची पातळ पेज करायची, कसर लागू नये म्हणून तिच्यात मूठमूठ मीठ घालायचं, आणि सगळा तंबू तिच्यात बुडवून वाळवायचा. धागे फुगतात, भोकं बुजतात. बुजत असतील. पण ती पेज शिजवायची कुणी? न्हाणीघरातलं मोठं घंगाळ चुलीवर चढलं. सासूबाई ढवळत होत्या, मी फुंकणी धरून जाळ घालत होते.

"ज्यांना वाकता येत नाही त्यांनी वाकू नये," मामंजी तुळशीला म्हणाले. मग तंबू आणलात कशाला, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

तंबू पेजेत भिजत असतानाच आमच्या कोठीत उंदीर पडला. मामंजींनी तो स्वतः चिमट्यानं उचलला, परसात नेला, वर रॉकेल ओतून जाळला आणि हात धुतले. त्यानंतर त्यांनी कसलीही परीक्षा घेतली नाही. ओला तंबू पिळून तसाच गाडीत टाकला, त्यावर बाज, देव, पाटा, शेगडी, आणि सगळ्यांवर सासूबाई आणि मी. तासाभरात आम्ही बाहेर पडलो होतो. महिनाभर जे झालं नव्हतं ते एका उंदरानं केलं. कामथडीला बैल सोडले तेव्हा एक म्हातारी गाडीजवळ आली, बाहेर लोंबणारं कापड आणि खांब तिनं निरखले आणि ह्यांना विचारलं, "कंचा फड म्हनायचा ह्यो?" ह्यांनी तोंड फिरवलं. मामंजींनी मात्र तिला तंबूची लांबीरुंदी सांगितली.

मार्गासनीला पोचलो तर धोंडिबाची झोपडी तयार. नवं गवत, सारवलेली जमीन, दाराशी रांगोळीसुद्धा. मला वाटलं, आता तरी म्हातारा ऐकेल.

"अवं तात्या, हितं समदं तयार हाय की," धोंडिबा म्हणाला. "त्यो तंबू ऱ्हाऊ द्या गाडीत."

"गवत नको," मामंजी म्हणाले.

झोपडीत स्वयंपाक करायचा आणि आम्ही तंबूत राहायचं असं ठरलं. म्हणजे आग लागायची तर ती स्वयंपाकाला लागावी. मग तंबू ठोकायचा प्रयोग सुरू झाला, आणि तीस वर्षं कापडाखाली झोपलेल्या माणसाला मेखा ठोकायची मोगरी कुठून धरायची हे माहीत नाही ते तेव्हा सगळ्या वाडीला कळलं. आधी दार पूर्वेला केलं, तर सकाळचं ऊन तोंडावर. मग उत्तरेला, तर डोंगरावरून येणारा वारा सरळ आत. दक्षिण तर अशुभ. तीनदा तंबू उठला आणि तीनदा बसला. शिवाय जमीन मुरमाची. मेख ठोकली की मुरूम फुटायचा, तणावा जरा ओढला की मेख दातासारखी हलायची. तणावा म्हणजे तंबूचा बाहेरचा दोर, ज्यावर खांब ताठ उभा राहतो. मामंजी दिवसातून चारदा सगळ्या मेखा हलवून बघत, आणि हलवून हलवून त्या आणखी सैल करत.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओढ्यावर गेलो असताना धोंडिबाची गाय आली आणि तिनं तंबूचा एक कोपरा खाल्ला. परत येऊन पाहतो तो हातभर कापड गायब, आणि गाय डोळे मिटून रवंथ करते आहे. मामंजी संतापले. धोंडिबाला बोलावलं, जनावर बांधून ठेवता येत नाही का म्हणून विचारलं. धोंडिबानं उरलेल्या कापडाचं टोक जिभेला लावून पाहिलं.

"तात्या, तुमी तर ह्याला मिठाची पेज पाजलीया," तो म्हणाला. "गाय दुसरं काय करंल? म्याबी खाल्लं असतं."

सासूबाई तिथून उठून झोपडीत गेल्या. मी मागोमाग गेले तर त्या तोंडात पदर कोंबून हसत होत्या. मलाही हसू फुटलं, आणि मग रडू आलं. त्या कोपऱ्याला सासूबाईंच्या जुन्या हिरव्या लुगड्याचं ठिगळ लागलं. ते मामंजींनी स्वतः शिवलं, फार बारीक टाक्यांनी.

पण ह्या सगळ्याच्या वर कडी झाली ती शेगडीच्या दिवशी. एके दुपारी मी झोपडीत भाजी चिरत बसले होते. मामंजींनी मागच्या खोलीत बाज मांडली, खाली शेगडी पेटवली, तिच्यात ओवा आणि लसणाची सालं टाकली. उपरणं कानांवरून घट्ट बांधलं. मग अंगावर पासोडी घेऊन ते स्वतः बाजेवर निजले, आणि कुशीत दुपट्यात गुंडाळलेला एक कोहळा घेतला. कनात सोडलेली होती, पण कापड मधून मधून वाऱ्यानं उडत होतं. नेमका धोंडिबा दूध घेऊन आला.

"तात्या, तुमाला बरं न्हाई का?"

"बरा आहे," आतून खोकत उत्तर आलं. "मोजमाप चाललंय."

"कशाचं?"

"धुराचं."

धोंडिबानं दुधाचा तांब्या खाली ठेवला आणि तो घरी गेला. थोड्या वेळात बांधावर पंधरा-वीस माणसं उभी. सासूबाई तंबूच्या दाराशी पदर पुढं ओढून बसल्या होत्या, जशा काही कुणाच्या मयताला. मी झोपडीच्या कुडातून पाहत होते आणि मनात म्हणत होते, देवा, ह्या माणसाला आवर. सगळ्या वाडीला आता माझ्या बाळंतपणाची रंगीत तालीम पाहायला मिळाली होती, आणि ती सासऱ्यानं केली होती. दिवस कलता कलता मामंजी बाहेर आले. डोळे लाल, नाकातून पाणी. तिथं तुळस नव्हती, म्हणून ते दावणीच्या बैलाशी बोलले. "निजलेल्या माणसाच्या नाकाशीच धूर थांबतो," त्यांनी बैलाला सांगितलं. मग कात्री घेऊन त्यांनी चांगल्या तंबूला मागच्या अंगाला, उंचावर, वीतभर झरोका कापला आणि त्याला बंद शिवले.

तरीही त्यांच्या मते तंबू पास झालेला नव्हता. वाऱ्याची परीक्षा राहिली होती, दंवाची राहिली होती. वेळ होता. नववा लागला होता, पण अजून वीस दिवस बाकी होते.

पण एके सकाळी मी देवाची भांडी घासत होते आणि कमरेत चमक निघाली. सासूबाईंनी एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि भांडी तशीच सोडून मला मागच्या खोलीत नेलं. ह्यांनी धोंडिबाच्या आईला बोलावून आणलं. बायजाआक्का तिचं नाव, सगळ्या वाडीतल्या बायका तिनं मोकळ्या केल्या होत्या. ती आली, हात धुतले, माझ्या पोटावरून हात फिरवला आणि मग वर बघून तंबूभर नजर फिरवली.

"हितं पोरीनं धरायचं काय?" तिनं विचारलं.

सासूबाईंना कळेना.

"अवं, आमच्या घरात आढ्याला दोर असतो. त्यो धरून बाई जोर करती. ह्या कापडात धरायचं काय?"

मामंजींनी पाणी पाहिलं होतं, धूर पाहिला होता, ऊन, वारा, जागा, जादा क्षेत्र, सगळं पाहिलं होतं. पण ते कधी बाळंत झाले नव्हते. कळा देणाऱ्या बाईला धरायला काहीतरी लागतं, हे त्यांना कोण सांगणार? मला बायजाआक्काच्या घरी नेण्याची वेळ टळून गेली होती, माझ्यानं उभं राहवत नव्हतं. बायजाआक्कानं मागचा खांब हलवून पाहिला. "ह्यो खांब का काठी?" ती पुटपुटली. मग तिनं गाईचं दावं आणवलं, खांबाला उंचावर बांधलं आणि त्याचं टोक माझ्या हातात दिलं.

कळ आली तसं मी दावं ओढलं. खांब माझ्या अंगावर झुकला, वरचं कापड खाली आलं आणि बाहेर मुरमातून एकापाठोपाठ मेखा सुटल्याचा आवाज झाला. बायजाआक्कानं पायानं शेगडी लांब ढकलली.

"भाईर कोन हाय?" ती ओरडली. "त्ये दोर धरा, न्हाईतर ह्यो तंबू पोरीच्या अंगावर यील."

बाहेर पावलं धावली. मामंजींचा आवाज ऐकू आला, धोंडिबाला आणि ह्यांना दोन बाजूंचे दोर वाटून दिल्याचा, आणि मग, "हा मधला माझा." खांब हळूहळू सरळ झाला.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. पण तो दोर आठवतो. मी दावं ओढलं की खांब आत यायचा आणि बाहेरून तो तितकाच मागं खेचला जायचा. मी सैल सोडलं की बाहेरही सैल. आधी मी ओढल्यावर तो ताठ व्हायचा. पुढं पुढं असं झालं की कळ येणार म्हणून मी दाव्यावर नुसती मूठ आवळायची आणि तेवढ्यानंच बाहेरचा तणावा ताठ व्हायचा. माझ्या सासऱ्यांना माझ्या कळा विचारता येत नव्हत्या. मी ओरडत होते ते त्यांनी ऐकायचंही नव्हतं, रीतीप्रमाणे त्यांनी तिथं जवळपास असायचंच नव्हतं. पण मला कळ कधी येते, किती वेळ राहते, कधी ओसरते, हे त्या माळावर बायजाआक्काच्या खालोखाल कुणाला कळत असेल तर त्यांना. आणि मला, खोटं कशाला बोलू, तेवढ्या दुखण्यातही त्या दोराचा आधार वाटला. दुसऱ्या टोकाला कोण आहे हे माहीत होतं म्हणून वाटला.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा मुलगी झाली. ती रडली, बायजाआक्कानं मला हातातलं दावं सोडायला लावलं, तरी खांब ताठच. सासूबाई हात पुसत बाहेर गेल्या.

"सोडा आता," त्या म्हणाल्या. "नात झाली. दोघी सुखरूप आहेत."

"आधी मेखा ठोका," मामंजी म्हणाले. "मग सोडतो."

धोंडिबानं मेखा ठोकल्या, त्यांवर दगड रचले, आणि मग मामंजींनी दोर सोडला. सासूबाई आत आल्या तेव्हा त्यांच्या हातात तेलाची वाटी होती. "तळव्यांची सालं निघालीत," त्या म्हणाल्या. "चिंधी बांधून आले." मग त्या पाणी तापवायला झोपडीत गेल्या. बायजाआक्का आपली कामं उरकायला बाहेर गेली. मागच्या खोलीत मी आणि मुलगी अशा दोघीच उरलो.

कापडाबाहेर वहाणा वाजल्या आणि थांबल्या. कुणीतरी घसा खाकरला. बैल तिथं नव्हता, तो चरायला गेला होता.

"सूनबाई," मामंजी म्हणाले, "खांब हलला का?"

मी इकडं तिकडं पाहिलं, माझ्या वतीनं उत्तर द्यायला कुणी आहे का म्हणून. कुणी नव्हतं. खांब माझ्या समोरच होता. तो चांगला हातभर कलला होता, एकदा तर कापड माझ्या कपाळाला लागलं होतं. अंगात त्राण नव्हतं आणि दोन महिन्यांचा सगळा वैताग एकदम वर आला. धोंडिबाच्या झोपडीत पहिल्याच दिवशी राहिलो असतो तर काय बिघडलं असतं, हे एकदाचं विचारावं असं वाटलं. कापडावर त्यांची सावली पडली होती. त्यांनी दोन्ही हात छातीशी धरले होते आणि चिंध्यांची टोकं खाली लोंबत होती.

"नाही, मामंजी," मी म्हटलं. "जागचा हलला नाही."

लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. मी त्यांच्याशी बोललेले ते पहिले शब्द, आणि ते धडधडीत खोटे होते.